फ्रिक्वेन्सी पडली की पहिल्या दहा सेकंदांत कोण धावतं?

सर्जटँक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जलविद्युत केंद्रात १९९२ ला लागलो आणि २०२० ला निवृत्त झालो. लागलो तेव्हा कंट्रोल रूममधला फ्रिक्वेन्सी मीटर ५० हर्ट्झवर बघायला मिळणं म्हणजे सणाचा दिवस, संध्याकाळी तो ४८.५ च्याही खाली जायचा आणि मशीनचा आवाजच सांगायचा की ग्रिड दमलंय. २००२ ला एबीटी (उपलब्धतेवर आधारित वीजदर पद्धत) आलं, फ्रिक्वेन्सीप्रमाणे ओढलेल्या विजेचा दर ठरायला लागला आणि बघताबघता चित्र पालटलं. आता ४९.९० ते ५०.०५ असा पट्टा आहे. नवीन पोरांना ४८.५ सांगितलं तर खरं वाटत नाही.

लिहायचं कारण असं की ५ एप्रिल २०२० ची रात्र अजून डोक्यातून जात नाही. रात्री ९ वाजता ९ मिनिटं दिवे बंद, आठवत असेल सगळ्यांना. देशाची मागणी १२-१३ हजार मेगावॅटने उतरेल असा अंदाज होता, उतरली ३१ हजार. आम्हाला सूचना अशी होती की मशीन शून्य ते दहा टक्क्यांवर आणून ठेवायची, पण ब्रेकर (मशीनला ग्रिडशी जोडणारा स्विच) उघडायचा नाही, फिरत ठेवायची, आणि ९ वाजून ९ मिनिटांनी परत चढवायची. कोयनेसकट देशभरातल्या पाण्याच्या मशीनींनी मिळून १७ हजार मेगावॅटच्या वर उतरवले आणि परत चढवले. फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ मध्ये राहिली. त्या रात्री आमच्या कंट्रोल रूममध्ये कोणी खुर्चीवर बसलं नव्हतं.

पण ते आपल्याला दोन दिवस आधी माहीत होतं! ६०० मेगावॅटचं युनिट ट्रिप होतं (अचानक बंद पडतं) ते आधी कळवून होत नाही. आणि अशा वेळी फोन उचलून "लोड वाढवा" म्हणेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या पहिल्या काही सेकंदांत धावून येणाऱ्या मेगावॅटची किंमत वेगळी धरली पाहिजे, वेगळी विकत घेतली पाहिजे. बाकी देशांनी ते सुरू केलंय. आपल्याकडे गव्हर्नरचं (मशीनचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेचं) काम सक्तीचं आहे, त्याचा वेगळा मोबदला नाही, आणि फुकट मागितलेली गोष्ट कशी मिळते ते आपण सगळे जाणतो.

परदेशात या क्षेत्रात काम करणारे इथे कोणी असतील तर लिहा प्लीज.

मीरा_डी

काका, छान लिहिलंय, पण एक अगदी बेसिक शंका. फ्रिक्वेन्सी पडते म्हणजे नेमकं काय पडतं? व्होल्टेज कमी झालं की बल्ब मंद होतो तेवढं कळतं.

सर्जटँक

मीराताई, चांगला प्रश्न. सगळ्या देशातली मोठी जनित्रं एकमेकांना विजेने बांधलेली असतात आणि एका तालात फिरतात. वारीत दिंडी चालते ना, सगळ्यांची पावलं टाळ-मृदंगावर एकत्र पडतात, तसं समजा. सेकंदाला ५० आवर्तनं म्हणजे ५० हर्ट्झ. आता एक मोठं युनिट अचानक गेलं तर उरलेल्यांवर भार तेवढाच राहतो, ती शक्ती लगेच कुठून येणार? फिरणाऱ्या रोटरमध्ये साठलेल्या जोरातून. जोर खर्च झाला की वेग उतरतो. वेग उतरला म्हणजेच फ्रिक्वेन्सी पडली. सोलापूर असो की सिलीगुडी, सगळीकडे जवळपास एकाच वेळी. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइनने दक्षिणेची ग्रिडही जोडली गेली, तेव्हापासून अख्खा देश एकच दिंडी आहे.

मग क्रम असा. पहिला रोटरचा जोर, त्याला इनर्शिया म्हणतात, त्याला कोणी सांगावं लागत नाही. मग गव्हर्नर, तो वेग उतरलेला बघून वाफ किंवा पाणी वाढवतो. मग दिल्लीच्या राष्ट्रीय लोड डिस्पॅच सेंटरमधून एजीसीचा (युनिटांचं उत्पादन आपोआप कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेचा) सिग्नल दर ४ सेकंदांनी जातो, पण त्याने हलणाऱ्या युनिटला सुरुवात करायला ३० सेकंद आणि पूर्ण द्यायला १५ मिनिटांपर्यंत मुभा आहे. त्यानंतर माणसं. मी म्हणतोय ते इनर्शिया आणि गव्हर्नर यांच्या मधल्या सांध्याबद्दल.

आणि पाण्याबद्दल एक गोष्ट सांगतो जी बाहेर फारशी कोणी सांगत नाही. गाईड व्हेन (टर्बाइनमध्ये पाणी सोडणारी झडप) झटकन उघडली तर पहिला क्षणभर मशीन जास्त नाही, उलट कमी पॉवर देतं! पेनस्टॉकमधल्या (धरणाकडून टर्बाइनकडे येणाऱ्या मोठ्या पाइपमधल्या) पाण्याला वेग घ्यायला वेळ लागतो, तोपर्यंत टर्बाइनपाशी दाब उतरतो. मी ट्रेंडवर (कंट्रोल रूममधल्या आलेखावर) कितीदा बघितलंय, आधी एक खड्डा आणि मग चढ. पाणी मनापासून धावतं पण त्याला एक श्वास घ्यावा लागतो.

थेम्सकाठ

सर्जटँक काका, तुमच्यासाठीच लॉगिन केलं. मी इंग्लंडमध्ये बॅटरी साइट्सचं ऑप्टिमायझेशन करतो, सहा वर्षं झाली. तुम्ही म्हणता तो "सांधा" इथे लोकांनी ९ ऑगस्ट २०१९ ला अनुभवलाय, मी स्वतः त्या संध्याकाळी किंग्ज क्रॉसला अडकलेलो, दोन तास.

झालं असं. शुक्रवार, संध्याकाळचे ४ वाजून ५२ मिनिटं. ईटन सोकॉन ते वायमंडली या ४०० केव्ही लाइनवर वीज पडली. हे नेहमीचंच, लाइन काही सेकंदांत परत चालूही झाली. पण त्या धक्क्याने हॉर्नसी ऑफशोअर विंड फार्मचे ७३७ मेगावॅट गेले, लिटल बारफर्ड गॅस स्टेशनचं स्टीम टर्बाइन गेलं, २४४, आणि गावोगावी जोडलेले छोटे जनरेटर १५० मेगावॅट त्यांच्या प्रोटेक्शन रिलेमुळे (गडबड दिसली की जोडणी आपोआप तोडणारं उपकरण) गेले. मग फ्रिक्वेन्सी इतक्या वेगाने उतरायला लागली की तो वेग मोजणारे रिले चालले आणि अजून ३५० गेले. म्हणजे पडण्याचा वेगच पुढच्या पडझडीला कारण झाला. राखीव ठेवलेलं होतं १००० मेगावॅट, त्यात ४७२ मेगावॅट बॅटऱ्या होत्या, त्या सगळ्यांनी जीव तोडून काम केलं आणि ४९.१ ला पडझड थांबली, वर चढायलाही लागली. तेवढ्यात लिटल बारफर्डचं एक गॅस टर्बाइन गेलं, २१०. आता हातात काही उरलं नव्हतं. ४८.८ ला अंडर फ्रिक्वेन्सी रिलेंनी ११ लाख ग्राहकांची वीज तोडली.

पाच मिनिटांत फ्रिक्वेन्सी ५० वर होती, पाऊण तासात सगळ्यांची वीज परत. पण काही ट्रेन्स अशा बंद पडल्या की ड्रायव्हरला चालू करता येईनात, टेक्निशियन पाठवावे लागले, आणि ट्रॅक तुंबले ते रात्रीपर्यंत. माझ्या शेजारी एक आजी होत्या, त्या सारखं विचारत होत्या की दिवे तर आहेत मग गाडी का नाही, आणि मला तेव्हा काही सांगता आलं नाही. या क्षेत्रात मी आलो ते त्या संध्याकाळनंतर.

ऑक्टोबर २०२० ला इथे डायनॅमिक कंटेनमेंट नावाची सेवा सुरू झाली. सोप्या भाषेत: ५० पासून ०.०१५ च्या आत असेल तर काही करायचं नाही. ०.२ पर्यंत फक्त ५ टक्के. त्यापुढे वेगाने चढत ०.५ हर्ट्झ फरकाला पूर्ण ताकद, आणि ही पूर्ण ताकद एका सेकंदात मिळाली पाहिजे. वरच्या बाजूला (फ्रिक्वेन्सी वाढली तर) वेगळी, खालच्या बाजूला (पडली तर) वेगळी. १५ मिनिटं टिकेल एवढी ऊर्जा शिल्लक ठेवायची. आणि पैसे मिळतात ते तयार उभं राहण्याचे, काका. महिनोन्महिने बॅटरी मोठं काही करत नाही, तरी दर तासाला मोबदला चालू. अग्निशमन दलासारखं.

तिसरं_वर्ष_इलेक्ट्रिकल

दादा, तुमच्या आकड्यांवर गणित करून बघितलं, चुकलं तर सांगा. त्या दिवशी ब्रिटनच्या ग्रिडचा इनर्शिया २१० गिगाव्होल्टअँपिअर-सेकंद (म्हणजे २,१०,००० मेगाव्होल्टअँपिअर-सेकंद) होता असं वाचलं. फ्रिक्वेन्सी पडण्याचा वेग = ५० गुणिले गेलेली पॉवर भागिले दुप्पट इनर्शिया. पहिल्या फटक्यात गेले ७३७ + २४४ + १५० = ११३१ मेगावॅट. म्हणजे ५० × ११३१ / ४,२०,००० = साधारण ०.१३५ हर्ट्झ प्रति सेकंद. आणि त्या रिलेंचं सेटिंग ०.१२५ होतं!!! इतक्या थोडक्यात गेलं??

थेम्सकाठ

शंभर टक्के बरोबर. आणि हे गणित तू स्वतः केलंस याचा आनंद वाटला. नंतर देशभर फिरून हजारो ठिकाणी त्या रिलेंची सेटिंग १ हर्ट्झ प्रति सेकंदापर्यंत सैल केली. खूप कमी खर्चाचं आणि खूप मोठं काम.

कोळसाघर

मी विदर्भात औष्णिक केंद्रात आहे, अजून नोकरीत. सर्जटँक साहेब, तुमच्याबद्दल आदर आहे पण मला पूर्ण पटलेलं नाही.

ब्रिटनची मागणी त्या दिवशी २९ हजार मेगावॅट, आपली ३० मे २०२४ ला अडीच लाख. आपल्याकडे कोळशाची शेकडो अवजड मशीनं फिरतायत, ६०० मेगावॅटचं युनिट गेलं तर सुई जेमतेम हलते. ४५०० मेगावॅट एकदम गेले तर काय, हे धरून प्राथमिक राखीव ठरवलंय २०२३ च्या ग्रिड कोडमध्ये. मग एका सेकंदाची सेवा विकत घेऊन काय करायचं? बॅटऱ्या येतायत त्या संध्याकाळचा पीक भागवायला लावा, सूर्य मावळला की आमच्या बॉयलरचे जे हाल होतात ते येऊन बघा एकदा. ५५ टक्क्यांवर चालवायचं आणि दीड-दोन तासांत पूर्ण लोडला न्यायचं, ट्यूब लीकेज वाढणारच.

दुसरं, ५ टक्के ड्रूप धरला (म्हणजे फ्रिक्वेन्सी ५ टक्के, २.५ हर्ट्झ, पडली तर पूर्ण क्षमतेइतकी वाढ मागणारं गव्हर्नरचं सेटिंग) तर ०.२ हर्ट्झ पडल्यावर २५० मेगावॅटच्या युनिटने २० मेगावॅट वाढवायचे असतात. ते आम्ही देतो. साठलेल्या वाफेच्या दाबावर पहिले काही सेकंद देतोही लगेच. पण मशीन आधीच पूर्ण उघड्या व्हॉल्व्हवर असेल तर कुठून देणार? वर थोडी जागा ठेवायची तर तेवढी वीज विकता येत नाही, तो तोटा कोणाचा? हा प्रश्न आधी सुटला पाहिजे.

सर्जटँक

कोळसाघर साहेब, शेवटचा मुद्दा तुम्ही माझ्याच बाजूने मांडलात :) वर जागा ठेवायला पैसे लागतात, तेच तर म्हणतोय.

इनर्शियाबद्दल मात्र मान्य. आज आपली ग्रिड जड आहे. पण ती सगळ्या वेळी सारखी जड नसते. उन्हाळ्यातल्या रविवारी दुपारी सोलर जोरात, मागणी कमी, कोळशाची कितीतरी युनिटं खाली किंवा बंद. सोलर इन्व्हर्टरमध्ये फिरणारं काही नाही. वर्षभराची सरासरी काढून उपयोग नाही, सगळ्यात हलका तास कोणता ते बघायला हवं.

आणि २०१२ विसरू नका. ३० आणि ३१ जुलै. सुरुवात बीना-ग्वाल्हेर लाइन सुटण्यापासून झाली, म्हणजे मूळ दुखणं फ्रिक्वेन्सीचं नव्हतं, हे मान्य. पण पुढे उत्तरेत फ्रिक्वेन्सी पडायला लागल्यावर अंडर फ्रिक्वेन्सी रिलेंनी जेवढा भार तोडायला हवा होता तेवढा तोडला नाही, गव्हर्नरचा प्रतिसाद पुरेसा नव्हता, हे चौकशी समितीनेच नोंदवलंय. कागदावर ते सगळं होतं. ६० कोटी लोक अंधारात. पश्चिम ग्रिड वाचली, आणि बाहेर जाणारी वीज एकदम थांबल्याने आपल्याकडे फ्रिक्वेन्सी उलटी वर गेली, ३१ तारखेला ५१ च्याही वर. त्या दुपारी मी ड्युटीवर होतो. मशीन उतरवताना हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू. म्हणून खालच्या बाजूची सेवा हवी तशी वरच्या बाजूचीही हवी, झटकन वीज गिळणारं काहीतरी. ते बॅटरीइतकं चटकन दुसरं कोणी करत नाही.

शेतमळा

वाचतोय सगळं. आमचा शेतीचा फीडर दिवसातून चारदा जातो ते या फ्रिक्वेन्सीमुळेच का? सबस्टेशनवर विचारलं की "वरून गेलीय" म्हणतात.

कोळसाघर

नाही भाऊ, बहुतेक वेळा नाही. फ्रिक्वेन्सीवर भार तुटायला आपल्याकडे ४९.४ ला पहिला टप्पा लागतो, मग ४९.२, ४९.०, ४८.८. रोज चारदा तिथपर्यंत जात नाही. तुमचं दुखणं जवळचं आहे, लाइनवर फांदी, जुना इन्सुलेटर, ओव्हरलोड ट्रान्सफॉर्मर. लेखी तक्रार द्या आणि ट्रिपिंगची वेळ वहीत लिहून ठेवा, वेळा दाखवल्या की उत्तर द्यावं लागतं.

अ‍ॅडलेडकर

इथे साउथ ऑस्ट्रेलियात १२ वर्षं राहतोय, वीज क्षेत्रातला नाही, बांधकामात आहे, पण इथल्या माणसांना हा विषय तोंडपाठ आहे. २८ सप्टेंबर २०१६ ला वादळात ट्रान्समिशन टॉवर पडले, पाठोपाठ विंड फार्म्सचे ४५६ मेगावॅट गेले कारण लागोपाठ किती झटके सोसायचे याचं त्यांचं एक सेटिंग होतं, मग व्हिक्टोरियाकडची मोठी लाइन ओव्हरलोड होऊन सुटली आणि अख्खं राज्य अंधारात. फ्रिक्वेन्सी सेकंदाला ६ हर्ट्झच्या वेगाने पडली म्हणतात. त्या विद्यार्थी मित्राच्या ०.१३५ शी तुलना करा! एवढ्या वेगात रिलेंनाही वेळ मिळत नाही. मुलगी तेव्हा दोन महिन्यांची होती, मेणबत्तीवर दूध कोमट केलं होतं.

पुढच्या वर्षी, १ डिसेंबर २०१७ ला, जेम्सटाउनजवळ हॉर्न्सडेलची टेस्ला बॅटरी सुरू झाली, १०० मेगावॅट. दोनच आठवड्यांत व्हिक्टोरियातलं लॉय यांगचं ५६० मेगावॅटचं युनिट मध्यरात्रीनंतर ट्रिप झालं, शेकडो किलोमीटर लांब. ही बॅटरी लगेच धावली. दिले किती, तर ७.३ मेगावॅट. इथल्या पेपरांनी खूप डोक्यावर घेतलं.

सर्जटँक

अ‍ॅडलेडकर, ७.३ मेगावॅटने ५६० भरून निघत नाहीत हे उघड आहे, पण वेग सिद्ध झाला. आणि सेकंदाला ६ हर्ट्झ... वाचूनच पोटात गोळा आला.

थेम्सकाठ

ऑस्ट्रेलियाने पुढे एका सेकंदाचा वेगळा बाजार काढला, ऑक्टोबर २०२३ पासून. आधी सगळ्यात जलद ६ सेकंदांचा होता. आणि हॉर्न्सडेलला २०२२ पासून इन्व्हर्टरमधूनच इनर्शियासारखा प्रतिसाद द्यायचीही परवानगी मिळाली, म्हणजे आधी मोजा मग धावा असं नाही, फरक पडताक्षणी ढकलायला लागायचं. शिवाय तिथे चार सिंक्रोनस कंडेन्सरही बसवलेत, नुसती जड फिरणारी मशीनं. म्हणजे बॅटरी आली म्हणून लोखंड संपलं असं नाही.

एक सावधगिरीची गोष्ट सांगतो, आपल्याकडे धोरण आखताना उपयोगी पडेल. इथे सुरुवातीला या सेवेला तासाला मेगावॅटमागे १७ पौंड मिळायचे. सगळे बॅटऱ्या घेऊन धावले. गरज मर्यादितच, ती भरली आणि भाव कोसळले. ज्यांनी फक्त याच कमाईवर कर्ज काढलं ते अडचणीत आले. त्यामुळे कोळसाघर दादांचं म्हणणं मला अर्धं पटतं, बॅटरी संध्याकाळच्या पीकलाच लावा, पण तिचा एक हिस्सा या सेवेसाठी राखून त्याचे वेगळे पैसे द्या. दोन्ही कामं एकच बॅटरी करू शकते, चार्ज मधोमध ठेवायची शिस्त मात्र लागते.

श्टुटगार्टवासी

फक्त एक भर. २०१८ च्या सुरुवातीला आमच्याकडे ओव्हनची घड्याळं (ती ग्रिडची आवर्तनं मोजून चालतात) जवळजवळ ६ मिनिटं मागे पडली होती! कोसोवो-सर्बियाच्या वादात थोडी वीज कमी पडत राहिली आणि सगळ्या युरोपची फ्रिक्वेन्सी जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत केसभर कमी राहिली, सरासरी ४९.९९६. मीराताई, "काय पडतं" याचं हे घरातलं उत्तर.

आणि २८ एप्रिल २०२५ चा स्पेन-पोर्तुगालचा ब्लॅकआउट इथे जोडायचा मोह होईल, पण तो सुरू झाला व्होल्टेज वाढत गेल्याने, फ्रिक्वेन्सी नंतर पडली. प्रत्येक अंधाराला एकच औषध नाही.

मीरा_डी

६ मिनिटं!! हे मी मुलाला दाखवणार आहे. वाखु (वाचनखूण) साठवली.

कोळसाघर

थेम्सकाठ, एक हिस्सा राखून ठेवण्याची कल्पना मला चालेल. आमच्याकडे गव्हर्नरचं सततचं हलणं कमी झालं तर व्हॉल्व्हचंही आयुष्य वाढेल. फक्त मोजमाप कडक हवं. कोणी किती मिलिसेकंदांत किती दिलं याची नोंद केंद्रावरच, सेकंदाच्या भागात झाली पाहिजे. १५ मिनिटांच्या मीटरवर एका सेकंदाची सेवा तपासणार कशी?

सर्जटँक

अगदी नेमकं बोललात. आपलं सगळं हिशेबाचं गाडं १५ मिनिटांच्या ब्लॉकवर चालतं. त्यात खड्डा आणि चढ दोन्ही सपाट होऊन जातात.

तिसरं_वर्ष_इलेक्ट्रिकल

काका, यावरून आठवलं. मी हॉस्टेलवर ९ व्होल्टच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरवरून अर्डुइनोने फ्रिक्वेन्सी मोजतोय, गेले अकरा दिवस, दर सेकंदाला एक नोंद. आधी वाटलं सर्किट चुकलंय, कारण दर १५ मिनिटांनी, बरोबर ०० १५ ३० ४५ ला, रेषा एकदम उडी मारते. सकाळी सहाला तर जास्तच. मग मित्राच्या घरी, पार नांदेडला, दुसरं सर्किट लावलं, तिथेही त्याच सेकंदाला तीच उडी. म्हणजे ती ग्रिडचीच आहे ना? ब्लॉक बदलला की सगळे एकदम शेड्यूल बदलतात म्हणून?

सर्जटँक

हो बाळा, तीच. तू घरबसल्या जे पकडलंस ते बघायला आम्हाला कंट्रोल रूमचा ट्रेंड लागायचा. आता असं कर, सेकंदाला एक ऐवजी दहा नोंदी घेता येतात का बघ. आणि संध्याकाळी साडेपाच ते सात, सोलर उतरताना, सलग ठेव. एखादं मोठं युनिट ट्रिप झालं तर पहिल्या दोन सेकंदांतला उतार तुला दिसेल, त्यावरून तुझ्याच सूत्राने इनर्शिया उलटा काढता येईल. रविवार दुपारचा आणि कामाच्या दिवशी रात्रीचा वेगळा काढ. फाइल इथे टाक, मी आणि कोळसाघर साहेब बसून बघतो.

कोळसाघर

टाक टाक. आमच्या भागात ट्रिपिंग झालं की वेळ मी कळवीन, जुळवून बघू.